निळं दावं

कंटेनरचं दार लागायच्या आधी मामा हात वर करायचे. म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. फोर्कलिफ्टवाल्यानं, सील लावणाऱ्यानं, ड्रायव्हरनं आणि कागदांचं फोल्डर छातीशी धरून उन्हात उभ्या असलेल्या माझ्यासारखीनंसुद्धा. मग मामा खिशातून कटर काढायचे. शेवटच्या थप्पीवरच्या निळ्या प्लास्टिक पट्टीचं बकलाबाहेर आलेलं टोक कापायचे, ते बोटाला गुंडाळून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "माल गेला, दावं राहिलं. जाऊ द्या आता."

मग दार लागायचं. एखादा नवा ड्रायव्हर वैतागायचा, "क्या मामा, पोर्ट पे गाडी लेट होती ना!"

"कुठं जाती बोट?" मामा म्हणायचे. "पाण्यातच हाय ती."

वाळूजच्या एका बिअर कंपनीत मी एक्स्पोर्टचे कागद बघायची. बिअर कंपनी हे शब्द आज मी बिनधास्त लिहितेय, पण तेव्हा नातेवाइकांत मी 'फूड प्रोसेसिंग'मध्ये नोकरीला होते. सासूबाईंची तर शेवटपर्यंत समजूत होती की मी बिस्किटांच्या कारखान्यात आहे. एवढी वर्षं नोकरी करून ही बया घरी एक पुडा म्हणून आणत नाही, याचा त्यांना फार राग होता.

मामांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. गेटवरच्या वॉचमनपासून प्लँटच्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. उंच, काटकुळे, उन्हानं रापलेले. डोक्यावर कंपनीची टोपी असायची, टोपीवर आमच्या बिअरचं चिन्ह, सोनेरी हरीण. पण तुम्ही त्यांना लांबूनही ओळखलं असतं ते उभं राहण्यावरून. हातात झाडू असो नाहीतर लोखंडी पाइप, तो जमिनीला रोवून त्याच्यावर दोन्ही हात ठेवायचे, हातांवर हनुवटी आणि एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला लावायचे. तसे तासन्‌तास. नव्या सुपरवायझरनं एकदा विचारलं, "मामा, दमलात का?" मामा म्हणाले, "नाय साहेब. राखतोय."

राखण्यातच त्यांचा जन्म गेला होता. फुलंब्रीच्या पलीकडं माळावर त्यांची वाडी. मेंढरं होती, चांगलं दांडगं खांड, म्हणजे कळप. मग एक असा दुष्काळ पडला की माळावर मुंगीला चघळायला काडी राहिली नाही. मामांनी सगळी मेंढरं व्यापाऱ्याला दिली. म्होरक्या एडक्याच्या गळ्यातलं दावं तेवढं सोडून घेतलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ते घरी खुंटीला ठेवायचं, म्हणजे गेलेलं धन वाट विसरत नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आमच्या आजोळीही बैल विकताना असंच करत, म्हणून मला ते नवं नव्हतं.

मेंढरं विकल्यावर मामा कंत्राटदाराच्या मार्फत आमच्याकडं लागले. आणि इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी काय पाहिलं? बिअर करून झाल्यावर जो धान्याचा चोथा उरतो, तो ओला, गरम, गोडसर वासाचा चोथा ट्रॉल्या भरभरून गायी-म्हशींच्या गोठ्यांकडं चाललेला. मामा त्या ट्रॉलीमागं चालत गेटपर्यंत गेले म्हणे. मला ते पुढं कधीतरी म्हणाले, "मॅडम, ह्ये एक साल आधी मालूम झालं असतं, तर माझी मेंढरं जगली असती वो." मी उगीच पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

सुरुवातीला त्यांना रिकाम्या बाटल्यांच्या विभागात टाकलं होतं. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, इथं विकलेली बाटली परत येते. बारवाला, भंगारवाला, गोण्यांचा व्यापारी असं करत करत ती पुन्हा आमच्या दारात येते, धुतली जाते, भरली जाते आणि परत निघते. मामांना हा प्रकार फार आवडला. रिकाम्या बाटल्यांचा ट्रक आत आला की ते म्हणायचे, "आली का लेकरं घरला?" घासून घासून कडा पांढुरक्या पडलेली बाटली दिसली की उचलून आम्हाला दाखवायचे. "ही म्हातारी बगा. किती वाटा फिरून आली असंल!" सकाळी गेलेलं संध्याकाळी परत यायचं, हे त्यांच्या हाडात होतं. ते इथंही होतं, म्हणून ते इथं रमले.

मग एक्स्पोर्ट सुरू झालं. दुबईच्या एका पार्टीनं आमची बिअर मागवली. कंपनीत केवढी धांदल! नवी हलकी बाटली आली, नवं लेबल आलं, त्याच्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात आपल्या शहराचं तेव्हाचं नाव आलं. लाकडी पॅलेटवर खोकी रचून त्याला निळी पट्टी आवळायची, अशी पद्धत ठरली. लोडिंगला भरवशाचा माणूस हवा म्हणून मामांना तिथं आणलं. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, तिकडच्या बाटल्या परत कधी यायच्या?"

"त्या नाही येत परत, मामा. तिकडंच फोडून टाकतात."

"म्हंजी गेली ती गेलीच?"

"गेलीच."

"असं कसं?" मामा म्हणाले आणि पाइपवर हनुवटी ठेवून निळ्या पट्ट्यांकडं बघत राहिले.

त्या बघण्याचा अर्थ आम्हाला महिन्याभरानं कळला. तिकडून फोटो आले. आमच्या पहिल्यावहिल्या कंटेनरमध्ये खोक्यांचा नुसता चिवडा झाला होता. पट्ट्या एकाही पॅलेटला नाहीत! पार्टी तापलेली, साहेब त्याहून तापलेले. चौकशी झाली. मामा शांतपणे म्हणाले, "पट्ट्या म्या सोडून घेतल्या. माल त्यांचा, दावं आपलं. परत यायचं नाय म्हणतात, मग दावं तरी नको का ठेवायला?"

लोडिंग शेडच्या भिंतीला सगळ्या निळ्या पट्ट्या व्यवस्थित गुंडाळून टांगलेल्या होत्या. कंटेनरचं दार लागलं की खोकी कुठं पळून जातात, असा त्यांचा हिशेब. बोट हलते हे त्यांच्या गावीही नव्हतं. साहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग त्यांना हसू आवरेना. आता हे पार्टीला इंग्रजीत कोण कळवणार? मीच. दावं इंग्रजीत कसं लिहायचं, तुम्ही सांगा. दोन तास डोकं खाजवून मी लिहिलं की स्थानिक प्रथेमुळे बांधणीत त्रुटी राहिली, पुन्हा होणार नाही. पार्टीला काय समजलं देव जाणे, पण ऑर्डर टिकली.

मामांना मी बाजूला घेऊन समजावलं. "मामा, पट्टी राहू द्या. बकलाच्या बाहेर जे शेपूट उरतं, तेवढं कापून घ्या."

त्यांनी बराच विचार केला. "चालतंय," म्हणाले. "शेपूट बी त्याच दाव्याचं."

तेव्हापासून ते हात वर करणं सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की मामा शेपटं काढून बसायचे. एकेकाच्या बारीक चिरफळ्या करायच्या आणि तिपेडी वेणी घालत एकाला एक जोडत जायचं. लोकर वळलेले हात ते, प्लास्टिकचं काय घेऊन बसलात. शेडच्या खिळ्याला ते निळं दावं वाढत चाललं.

आणि ते वाढायला लागलं, कारण बिअर वाढायला लागली. आधी दोन-तीन महिन्यांतून एखादा कंटेनर, मग दर महिन्याला, मग महिन्यात कितीदा तरी. मार्केटिंगचे साहेब मीटिंगमध्ये भिंतीवर आलेख लावायचे, रेघ वर चढत जायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मला ती रेघ काही दिसायची नाही. शेडमध्ये जाऊन खिळ्यावरचं वेटोळं बघितलं की समजायचं, हां, धंदा बरा चाललाय.

गंमत म्हणजे या धंद्याची खरी चौकशी साहेबांच्या खालोखाल मामाच करायचे. कागदांवर सही घ्यायला मी शेडमध्ये गेले की, "मॅडम, यावेळी कुठं? दुबईलाच ना? जास्ती हाय का मागच्यापेक्षा?" मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काय हो मामा, तुम्हाला कंपनीनं भागीदारी दिली की काय?"

मामा हसले नाहीत. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ तिकडं हाय."

मग समजलं. धाकटा म्हणजे बराच धाकटा, आई-बाप गेल्यावर मामा आणि मामींनी लेकरासारखा वाढवलेला. बारावीपर्यंत शिकवला. पण त्याचा जीव पुस्तकापेक्षा मेंढरांत. त्या दुष्काळात मामांनी त्याला न विचारता मेंढरं विकली. तो फुलंब्रीच्या बाजारातून घरी आला तर मेंढरांचा वाडा रिकामा. तो भांडला नाही, ओरडला नाही. एजंट गाठला आणि दुबईला गेला. दुबईला म्हणजे तिथल्या उंच इमारतींत नव्हे बरं का. शहराच्या पलीकडं वाळवंटात, कुणा अरबाची मेंढरं राखायला. जाताना वहिनीला म्हणाला, "दादानं आपली विकली, आता मी दुसऱ्याची राखतो."

"फोन करतो की," मामा म्हणाले. "वयनीशी बोलतो. मी बाजूला बसून ऐकतो. म्या घेतला का फोन, बंद करतो."

"किती दिवस झाले याला?"

"दिस कशाला मोजायचे, मॅडम."

मग ते जरा पुढं वाकले आणि मनातलं बोलले. "आपल्या बाटल्या तिकडं जात्यात. आज थोड्या जात्यात, उद्या लई जातील. जाता जाता एखादी त्याच्यापतुर जाईल का नाय? टोपीवरचं हरीण वळखतो तो. ही टोपी घालून पहिल्यांदी घरला गेलो, तवा तो निघायचाच होता. टोपीकडं बगितलं, न् तोंड फिरवलं."

मी शिकलेली बाई. मी त्यांना सांगू शकले असते की मामा, ती बिअर हॉटेलात जाते, वाळवंटात मेंढराच्या वाड्यात नाही जात. सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघून कुणीच सांगितलं नसतं. मी एवढंच म्हणाले, "या वेळी जास्त आहेत, मामा. मागच्यापेक्षा बऱ्याच."

त्यांचा चेहरा उजळला. "वाढू द्या," म्हणाले.

एकदा पार्टीचा मेल आला, खप का वाढतोय याबद्दल. तिकडं आपली माणसं फार आहेत, गवंडी, ड्रायव्हर, इंजिनिअर, हॉटेलातले आचारी. ज्यांना परवडतं ते दुकानात येऊन म्हणतात, आमच्याकडची द्या. मी तो मेल मामांना मराठीत सांगितला. ऐकून म्हणाले, "म्हंजी घराची याद येणारी माणसं लई झाली तिकडं."

साहेबांच्या आलेखाचा असा अर्थ कुणी लावला नव्हता. त्या दिवसापासून कागदांवर शिक्का मारताना मला कसंतरी व्हायचं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीही यायचं, आणि मग शाईच पसरायची.

मग पुन्हा दुष्काळ आला. आधीच्यापेक्षा वाईट. जायकवाडीचा तळ दिसायला लागला. आमच्या गारखेड्यात आठवड्यातून एकदा नळ यायचा, तोही करंगळीएवढा. मामांच्या वाडीत तर टँकर आला तरच पाणी. आणि इकडं आम्ही बिअर भरत होतो. लोक चिडणार नाहीत तर काय करतील? एक दिवस गेटवर मोर्चा आला. बायका पुढं, रिकामे हंडे बडवत.

मी आणि मामा आतल्या बाजूला उभे होतो. मामा पाइपावर हनुवटी ठेवून बघत होते. म्हणाले, "ती हिरव्या लुगड्यातली, जोरात वरडतीय ना, ती आमची मंडळी."

"अगंबाई! त्यांना माहीत नाही तुम्ही इथं कामाला आहात?"

"माहीत नसंल कसं? सकाळी भाकरी तिनंच बांधली. म्हणली, तुमी आतून बगा, मी भायरून वरडते."

तेवढ्यात मामी गेटच्या जाळीपाशी आल्या. मला वाटलं आता नवऱ्याला शिव्या बसणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, तुमचं तोंड उतरलंय ते मला कळतंय. पाणी तुटलं का तुमच्या बाटल्या जायच्या थांबतील, ह्याच फिकिरीत हाव ना? मला याद येत नाय व्हय त्याची? म्याच न्हाऊ घातलाय त्याला. पण माळावरची लेकरं तहानली वो. पाणी आधी."

"व्हय," मामा म्हणाले. "आधी तेच."

त्यांनी आपली पाण्याची बाटली जाळीतून बाहेर दिली. मामी दोन घोट प्यायल्या, उरलेली शेजारणीला दिली आणि परत हंडा बडवायला लागल्या. माणूस एकाच वेळी गेटच्या दोन्ही बाजूंना उभा कसा असतो, ते मी तेव्हा पाहिलं.

कंपन्यांचं पाणी कापलं गेलं. योग्यच झालं, मी आजही तेच म्हणेन. आमच्या लाइनी बंद पडल्या, एक्स्पोर्ट तर पहिलं थांबलं. कंत्राटी माणसांना सांगितलं, बोलावू तेव्हा या. मामा न बोलावताही यायचे. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे. मी संध्याकाळी बाहेर पडले की उठून यायचे आणि विचारायचे, "लागला का कंटेनर?"

"नाही हो मामा."

"बरं," म्हणायचे, आणि फुलंब्रीकडं जाणारी जीप गाठायला निघायचे. शेडमध्ये खिळ्यावर निळं दावं तसंच लटकत होतं, त्याच्यावर धूळ बसली. मला आपली एकच धास्ती, म्हाताऱ्याची आशा सुटायला नको.

पुढच्या साली धरणात पाणी आलं. लाइनी सुरू झाल्या, मामांना बोलावणं गेलं. ते आले, आधी दाव्यावरची धूळ झटकली, मग टोपी घातली. पहिला कंटेनर निघाला त्या दिवशी त्यांनी कटर आधी बाहीला पुसला, मग हात वर केला. इतके दिवस माल मिळाला नव्हता म्हणून तिकडून मागणी दुप्पट जोरात आली. मार्केटिंगच्या साहेबांची रेघ कागदाबाहेर जायला लागली. दाव्याला एक खिळा पुरेना, मामांनी दुसरा ठोकला.

आणि एका सकाळी मी बसमधून उतरते तो मामा पार्किंगपाशी माझी वाट बघत उभे. दोन्ही पायांवर! मला वाटलं, काही वाईट घडलं.

"मॅडम, पोचली," म्हणाले.

"काय पोचली?"

"बाटली."

झालं होतं ते असं. धाकटा मेंढरं राखायचा त्याच्या जवळच वाळूच्या टेकड्यांत टुरिस्ट लोकांना जेवायला, नाचगाणं बघायला नेतात. आपला माल पुन्हा सुरू झाल्यावर तिथं एक नवा तंबू पडला, त्यात आपल्याकडचे आचारी, आपल्याकडचं जेवण आणि बिअरही आपल्याकडची. पार्टीनं नव्यानं गाठलेलं गिऱ्हाईक होतं ते, त्या मालाचे कागद मीच केले होते. एका सकाळी मेंढरं हाकताना धाकट्याच्या पायाला वाळूत काहीतरी लागलं. उचललं तर बाटली. बाटलीवर सोनेरी हरीण. मागं आपल्या गावाचं नाव.

"मग हो?"

"वयनीला फोन केला. म्हणला, दादा हाय का तितं? दे त्याला."

मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मी म्हणलो, बोल बाबा. मंग म्हणला, दादा, तुझी बाटली सापडली. म्या म्हणलो, भरलेली का रिकामी? म्हणला, रिकामी. म्या म्हणलो, मंग घेऊन ये. रिकामी परत यायची असती."

मी तिथंच, पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत रडले. मामा घाबरले. "मॅडम, अवो मॅडम, चांगलं झालंय वो!" असं म्हणून स्वतःच रडायला लागले.

थंडीत तो आला. मामा त्याला घेऊन गेटवर आले, मला भेटवायला. मी लांबून बघितलं तर वॉचमनच्या केबिनपाशी एक तरणा माणूस काठीवर हनुवटी ठेवून एका पायावर उभा! ओळख करून द्यायची काही गरजच नव्हती. चौकड्यांच्या फडक्यात बाटली गुंडाळलेली. वॉचमन म्हणतोय, "बाटली आत न्यायची तर कागद लागतो." मी म्हटलं, "दादा, एवढी वर्षं मी कागदच करतेय. जिम्मा माझा. सोडा."

मामा तडक धुण्याच्या विभागात गेले. मशीनच्या एका टोकाला रिकाम्या बाटल्यांच्या रांगेत त्यांनी ती आपल्या हातानं ठेवली. आम्ही तिघं दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलो. बाटल्या येत होत्या, येत होत्या. आणि ती आली. लेबल निघून गेलेलं, वाळू निघून गेलेली, चकचकीत. तिथल्या तपासणाऱ्यानं लगेच ती बाजूला काढली. "मामा, ही एक्स्पोर्टची, हलकी. भरता नाही येणार."

"कोण भरतंय?" मामा म्हणाले. "परत आली, झालं."

त्यांनी तिच्यात कूलरचं पाणी भरलं आणि भावापुढं धरलं. तो प्याला. अर्धी मामांना दिली. धाकट्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि मग त्याच बाहीनं दादाच्या हनुवटीवरचं ओघळलेलं पाणी पुसलं.

वर्षभरात मामांनी काम सोडलं. दोघा भावांनी मिळून थोडी मेंढरं घेतली होती. जायच्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी आले आणि निळ्या दाव्याचं भलंमोठं वेटोळं माझ्या कागदांवर ठेवलं.

"हे मला कशाला, मामा? तुम्हाला लागेल ना मेंढरांना."

"म्होरक्याला जुनं हाय की, खुंटीवरचं. त्याचंच व्हतं ते." मग म्हणाले, "ताई, जाणारा जातो. दावं राहणाऱ्याकडं ठेवायचं असतं."

एवढ्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच ताई म्हणाले. मला गलबलून आलं, म्हणून मी उगीच थट्टा केली. "म्हणजे मी तुम्हाला बाजारात विकलं की काय?"

"विकलं नाय. पण चाललोय ना," म्हणाले. "दावं असू द्या. येईन."

आले नाहीत. म्हणजे वाईट काही ऐकलं नाही मी, तसा विचार मनात आणू नका. त्यांच्या वाडीच्या माळावर प्लॉट पडले, रस्ते आले. बिडकीनकडं तर विचारूच नका, जिथं मेंढरं बसायची तिथं आता रात्रंदिवस दिवे आहेत. चराई नाही म्हटल्यावर कळप लांब लांब जायला लागले. मामींचा फोन एकदोनदा लागला, मग नंबर बदलला. मी वाडीवर जाऊन आले, तर दाराला बाभळीची काटी आडवी लावलेली. शेजारीण म्हणाली, "समदीच गेली, खांडासंगं."

कंपनीत नवं मशीन आलंय. ते पट्टी अशी आवळतं की शेपूटच सुटत नाही. काळी पट्टी, जिथल्या तिथं वितळवून चिकटवलेली. आता आमची बिअर कितीतरी देशांत जाते, आणि मागं काहीच राहत नाही. मी शेवटपर्यंत तिथं नोकरी केली, निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. मी शेडमध्ये जाऊन भिंतीतले दोन खिळे बघून आले.

दावं माझ्या घरी आहे. चौथ्या मजल्यावर, बाल्कनीत, खिळ्याला. माझा मुलगा म्हणतो, आई, याच्यावर कपडे वाळत घालू या, मस्त मजबूत आहे. नवरा म्हणतो, कूलर बांधायला दे. मी कुणाला हात लावू देत नाही. घरात पाळलेलं जनावर एक नाही, आणि ही बाई दावं सांभाळत बसलीय, म्हणून शेजारी हसत असतील. हसू देत.

दिवाळीनंतर बीड बायपासवरून, बिडकीनच्या रस्त्यानं मेंढरांचे कळप जाताना दिसतात. गाड्या हॉर्न वाजवत असतात, लोक वैतागलेले असतात. मी स्कूटर बाजूला लावते आणि पुढं चालणाऱ्या काठीवाल्याला गाठते. उंच, काटकुळे, एका पायावर उभे राहणारे मामा, संगं धाकटा भाऊ, फुलंब्रीकडचे, असं सगळं सांगते. तो मानेनं दक्षिणेकडं दाखवतो. "पुढं गेली असतील ती, ताई. आमच्या पुढं लई खांडं गेली."

सगळा कळप रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी उभी राहते. मग घरी येते, बाल्कनीचं दार उघडते आणि आधी ते निळं वेटोळं जागेवर आहे का बघते.

मामा, दावं इथंच आहे हो. रिकाम्या हातानं या, पण या.